25X ची लेन्स नको, चादर जुनीच बरी: परसातले किडे बघायच्या सामानाचं परीक्षण

मोबाइलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स घेणार असाल तर डब्यावर 25X लिहिलेली घेऊ नका. एवढंच वाचून थांबलात तरी तीन-चारशे रुपये वाचले.

परसात, वाडीत, आगरात दिसणारे किडे बघायला आणि टिपायला सध्या तीन वस्तू ऑनलाइन धडाधड खपतात: चिमट्याची लेन्स, अतिनील टॉर्च आणि पतंग बोलवायचा घडीचा पडदा. तिन्हींकडे इथे कोकणच्या हवेच्या हिशोबाने बघितलं आहे, म्हणजे चार महिने पाऊस, बारा महिने दमटपणा आणि वाऱ्यात मीठ. ब्रँडची नावं मुद्दाम टाळली आहेत. एकच माल पाच नावांनी विकला जातो, तेव्हा नावापेक्षा आकडे वाचलेले बरे.

X चा आकडा बहुधा असा निघतो: 250 मिलिमीटरला लेन्सच्या नाभीय अंतराने भागायचं. 25X ची लेन्स म्हणजे 10 मिलिमीटरची, 15X ची साधारण 17 ची, 10X ची 25 ची. फोन लांबवर फोकस करून असला की किडा बरोबर तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसतो. म्हणजे 25X ने फोटो काढायचा तर किड्यापासून एक सेंटिमीटरवर जायला हवं. त्यात लेन्सची कड पुढे आलेली, त्यामुळे मोकळी जागा त्याहूनही कमी. इतक्या जवळ ना चतुर थांबतो ना नाकतोडा, आणि उड्या मारणारा कोळी सरळ लेन्सवरच येऊन बसतो. भरीला फोनची सावली किड्यावर पडते ती वेगळीच. मेलेली माशी, मिठाचा खडा, नोटेवरची छपाई बघायला ती लेन्स झकास. जिवंत किड्यासाठी तिचा उपयोग शून्य.

घ्यायची ती 100 मिलिमीटरची. डब्यावर '100 mm macro' किंवा '4 ते 10 सें.मी. अंतर' असं छापलेलं असतं. किमतीला 10X च्या तिप्पट-चौपट, साधारण दीड ते अडीच हजार. हिशोब असा: फोनचा मुख्य कॅमेरा स्वतः 10 सेंटिमीटरपर्यंत फोकस करत असेल तर ही लेन्स लावल्यावर किडा 5 ते 10 सेंटिमीटरच्या पट्ट्यात कुठेही चालतो. 5 सेंटिमीटरवर फ्रेमची लांबी सुमारे 7 सेंटिमीटर पडते, 2x झूम केला की साडेतीन. एवढ्यात फुलपाखराची अळी डोक्यापासून शेपटीपर्यंत मावते आणि तिच्या अंगावरचे केसही मोजता येतात.

फोनला वेगळा टेली, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारा, कॅमेरा असेल तर चिमटा त्याच्यावरच लावा. बहुतेक टेली कॅमेरे मुळात हातभर अंतराच्या अलीकडे फोकसच करत नाहीत, त्यामुळे या लेन्सचा खरा फायदा तिथे दिसतो: 3x टेलीवर 10 सेंटिमीटर लांबून जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटरची फ्रेम. म्हणजे किडा दचकत नाही आणि सावलीही पडत नाही. मात्र इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. उजेड कमी असला किंवा वस्तू जवळ असली की फोन आपल्याला न विचारता टेली बंद करतो आणि मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून 3x म्हणून दाखवतो. मग 'लेन्स लावूनही मोठं दिसत नाही' अशा तक्रारी येतात, आणि वस्तूला एक तारा मिळतो. तपासायला सोपं आहे. लेन्स काढा, 3x वर जा आणि टेलीच्या काचेवर बोट ठेवा. पडदा काळा झाला नाही तर दुसराच कॅमेरा चालू आहे. प्रो मोडमध्ये कॅमेरा पक्का करता येतो. शिवाय फोनचं स्वतःचं 'ऑटो मॅक्रो' असेल तर ते आधी बंद करा. नाहीतर जवळ जाताच तो वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतो.

चिमटा लावताना फोनचं कव्हर काढायचंच. कव्हरच्या जाडीने लेन्स तिरकी बसते आणि फ्रेमची एक बाजू लिबलिबीत येते. चारही कोपरे सारखे काळे दिसत असतील तर लेन्स मध्यावर आहे पण लांब आहे. एकच कोपरा काळा असेल तर ती सरकली आहे. चित्रात रेषा बघत बसण्यापेक्षा पांढऱ्या भिंतीकडे रोखून चिमटा हलवावा, अर्ध्या मिनिटात बसतो.

आता ही लेन्स काय दाखवते ते बघू. आंब्याची पानं जिवंत शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, सिंधुदुर्गातले हुमले, सगळ्यांच्या ओळखीचे. त्या रांगेच्या कडेला एखादी 'मुंगी' जरा बिचकत, अडखळत चालताना दिसते. तिच्यावर फोकस करा आणि पाय मोजा. आठ भरले तर ती हुमल्याची नक्कल करणारी उडी मारणारी कोळीण आहे. पुढचे दोन पाय ती मिशांसारखे हवेत हलवते आणि अंगाला मध्येच आवळल्यासारखी कंबर असते, म्हणून नुसत्या डोळ्याला सहाच पाय दिसतात. नराचे जबडे तर इतके लांब की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघाली आहे असं वाटावं. खात्री हवी असेल तर पान हळूच हलवा: मुंगी पानाला चिकटते किंवा पडते, कोळीण तंतूवर लोंबकळते. हा तंतू आणि समोरचे दोन मोठे डोळे 100 मिमीच्या लेन्समध्ये स्वच्छ दिसतात. 25X मध्ये ते दिसण्याआधीच हुमले फोनवरून मनगटावर चढलेले असतात.

बागायतदारालाही लेन्स कामाची आहे. काजूच्या कोवळ्या पालवीवरचा ढेकण्या ओळखण्याची पक्की खूण म्हणजे पाठीवर टाचणीसारखा उभा काटा, टोकाला गाठ असलेला. किडा सात-आठ मिलिमीटरचा, काटा त्याहून कितीतरी बारीक. डोळ्याला चुकतो, लेन्सला चुकत नाही. लिंबू, ईडलिंबू, पपनस यांच्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काळं-पांढरं काही दिसलं तर झटकण्याआधी फोटो काढा. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेल्या ब्लू मॉरमॉनची, म्हणजे नीलवंताची अळी लहानपणी अशीच दिसते. मोठेपणी ती हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून दोन फाट्यांचा उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. रताळ्याच्या वेलावरचे सोनेरी ढालीसारखे भुंगेरेही जिवंत असतानाच टिपायचे. मेले की सोन्याचा मुलामा जातो, डबीत उरतो मातकट तुकडा.

लेन्सबरोबर एलईडीची गोल रिंग फुकट देतात. ती द्यायला फुकट आणि वापरायलाही फुकट: भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरं कडं उमटतं आणि खालचा रंग मरतो. त्याऐवजी आइस्क्रीमच्या पांढऱ्या झाकणाचा अर्धा भाग साध्या टॉर्चसमोर धरा. वाऱ्याचं गणितही सांभाळा. फोकसची खोली एक-दोन मिलिमीटर, पान एका बोटाने हललं तरी किडा बाहेर. सकाळी मतलई वारा पडलेला आणि खारा वारा अजून सुटलेला नसतो, त्या साडेसहा ते नऊच्या वेळात काम उरकावं. दव असतं, किडे गारठलेले असतात, थांबतातही. कपडे वाळत घालायचा चिमटा बांबूच्या कामटीला बांधून जमिनीत रोवला की फांदी धरायला तिसरा हात मिळतो.

पोफळीच्या खोडावरचा उडता सरडा मात्र या लेन्सच्या आवाक्यातला नाही. दक्षिण सिंधुदुर्गातल्या आगरांत तो खोडाच्या रंगात मिसळून बसतो आणि नराच्या गळ्याखालची लिंबोणी पिवळी पिशवी फडकली तरच कळतो. त्याला 8×42 ची दुर्बीण हवी, तीही दोन-अडीच मीटरवर फोकस होणारी. लेन्सवाल्यांनी तिकडे मान वर करून वेळ घालवू नये.

दुसरी वस्तू अतिनील टॉर्च, खासकरून विंचवांसाठी. विंचवाच्या कवचातली द्रव्यं अतिनील प्रकाशात हिरवट-निळी चमकतात. अंधाऱ्या रात्री जांभ्याच्या गडग्यावर टॉर्च फिरवला की तीन मीटरवरचा विंचूही दिव्यासारखा दिसतो. नुकती कात टाकलेला तेवढा चमकत नाही. बाजारात दोन जाती आहेत, 395 नॅनोमीटर आणि 365 नॅनोमीटर. दोन-तीनशे रुपयांचा, पुढे पन्नासेक एलईडी असलेला आणि तीन बारीक सेलवर चालणारा टॉर्च जवळपास नक्की 395 चा असतो. त्याने विंचू चमकतो हे खरं, पण सगळा गडगाच जांभळा होतो आणि त्या जांभळ्यात चमक बुडते. 365 चा, समोर काळी काच असलेला आणि 18650 या जाड, चार्ज होणाऱ्या सेलचा टॉर्च दीड-दोन हजारांच्या घरात जातो. डोळ्याला तो बंद असल्यासारखा वाटतो, आणि तेच त्याचं लक्षण.

डब्यावर 365 छापून आत 395 भरलेला माल भरपूर आहे. घरच्या घरी परीक्षा करा. खोली काळोखी करा आणि पाचशेची नोट धरा. नोटेवरचा क्रमांक चमकणाऱ्या शाईत छापलेला असतो आणि कागदात चमकणारे तंतू असतात. खऱ्या 365 ला नोट काळोखात राहते आणि क्रमांक व तंतू तेवढे उजळतात. 395 ला अख्खी नोट जांभळी होते. पार्सल उघडल्या दिवशी हे करा, परत पाठवायची मुदत त्यासाठीच असते.

टॉर्च विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत. अतिनील उजेडात साप चमकत नाही. फुरसं मुळात धुळकट, जांभ्याच्या आणि पाचोळ्याच्या रंगाचं. जांभळ्या उजेडात ते दिसणार नाही, आणि नजर सारखी गडग्यावरच्या चमकत्या ठिपक्यांकडे ओढली जाते. म्हणून पाय उचलायचा तो साध्या पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात, घोट्यावर येणारे गमबूट घालून. थांबलात की पांढरा बंद, जांभळा चालू. पुढच्या पावलाला पुन्हा पांढरा. गडग्याच्या फटीत बोट घालायचं नाही आणि दगड उचलायचा तो त्याची पलीकडची कड आपल्याकडे ओढून, म्हणजे दगड मध्ये राहतो आणि खाली असेल ते आपल्यापासून दूर पळतं. चष्मा अतिनील अडवणारा हवा. मुलांच्या हातात हा टॉर्च देऊ नये, कारण उजेड कमी वाटतो म्हणून ती त्यात डोकावतात.

जाड पकडी आणि बारीक शेपटीचा मोठा काळा विंचू, इंगळी, दिसायला भयंकर पण त्यामानाने सौम्य. बारीक, नाजूक पकडी आणि जाड शेपटीचा लालसर विंचू जिवावरचा. या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980 च्या दशकात दाखवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय दिसले तर मंत्र-पाला न करता थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. फोटोसाठी लाल विंचवाजवळ चिमट्याची लेन्स न्यायचा प्रश्नच येत नाही. फोन तिपाईवर, झूम टेलीचा, अंतर एक मीटर. अतिनील उजेड त्यालाही त्रासदायक असतो, तेव्हा दोन-चार फोटोंत आटपा.

तिसरी वस्तू, घडीचा पडदा. अडीच-तीन हजारांना मिळतो, तंबूसारखा उघडतो, जाळीदार नायलॉनचा. फोटोत छान दिसतो. कोकणात दोन ठिकाणी मार खातो. एक, त्याच्या खुंट्या जांभ्यात शिरत नाहीत. हातोडा मारला की वाकतात. दोन, नायलॉन भिजलं की पतंगांना पाय रोवता येत नाहीत, ते घसरून खाली पडतात आणि आपण त्यांच्यावर पाय देतो. जुनी पांढरी सुती चादर किंवा धोतर यापेक्षा सरस आहे. दोन पोफळींमध्ये सुंभ ताणा आणि चादर टाका. खाली हातभर कापड जमिनीवर पसरू द्या, म्हणजे पडलेले भुंगे दिसतील. चादर साबणाच्या पावडरीने धुतलेली असली तर उत्तम, त्या पावडरीतली उजळवणारी द्रव्यं अतिनील प्रकाशात स्वतः चमकतात. पावसाची शक्यता असेल तर मांगराच्या पागोळ्यांच्या आत बांधावी. घराच्या ओटीवर बांधू नये: किड्यांमागे बेडूक येतात, बेडकांमागे मण्यार.

दिवा कोणता, यावर पैसे खरंच खर्च करा. साधा पांढरा एलईडी अतिनील जवळजवळ सोडत नाही, म्हणून अंगणातले दिवे बदलल्यावर पूर्वीइतके पतंग येत नाहीत. जुन्या अभ्यासकांचा 160 वॅटचा पाऱ्याचा दिवा जबरदस्त होता, पण तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की फुटायचा आणि वीज गेली की खेळ खलास. आता 5 व्होल्टवर, 10 वॅटची अतिनील एलईडी पट्टी घ्यावी. 10000 मिलिअँपिअर-तासाच्या पॉवर बँकेत कागदावर 37 वॅट-तास असतात, हातात 28 ते 30 येतात. म्हणजे पट्टी पावणेतीन-तीन तास चालते. साडेसातला लावली तर साडेदहाला संपते, आणि अ‍ॅटलास पतंगासारखे मोठे पाहुणे बहुधा मध्यरात्रीनंतर येतात. दोन पॉवर बँका ठेवा.

अ‍ॅटलासचा पंखपसारा 24 सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे पडद्यावर वटवाघूळ आपटल्यासारखाच आवाज होतो. त्याची अळी दालचिनी, पेरू, लिंबूवर्गातल्या झाडांवर वाढते. प्रौढाला खायला तोंडच नसतं, जेमतेम आठवडाभराचं आयुष्य. त्याला डब्यात ठेवून पाहुण्यांना दाखवण्यात ते घालवू नका. परसात तगर किंवा कण्हेर असेल तर हिरव्या-गुलाबी लाटांचा ऑलिएंडर हॉक मॉथ पडद्यावर येण्याची शक्यता चांगली.

रात्री निवडताना अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस, वारा पडलेला, ढगाळ आणि उकाड्याची हवा धरावी. चादर फडफडत असेल तर गुंडाळून झोपा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन रात्री वाळवीचे पंख इतके कोसळतात की बाकी काही दिसतच नाही. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह साजरा होतो, 2012 पासून. कोकणात तो नेमका झोडपणाऱ्या पावसात येतो. इथला खरा हंगाम जूनच्या उघडिपीत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे चमकत असतील तिथे मात्र पडदाही नको आणि टॉर्चही नको. नर चमकतो, मादी उत्तर देते, आणि आपल्या उजेडात ती उत्तरं हरवतात.

पडद्याजवळ उभं राहताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. नारिंगी-काळा, मुंगीएवढा लांबट, आखूड निळसर पंखकवचांचा एक भुंगेरा मानेवर चालायला लागतो. त्याला चापट मारू नका, फुंकर मारा. चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रव्याने दुसऱ्या दिवशी कातडीवर भाजल्यासारखा पट्टा उठतो. अंगावर फुटलाच तर लगेच साबणाने धुवा. माडाच्या झावळ्या वाकवून बघताना काटेरी घोणस अळीपासूनही हात लांब ठेवा. काटे रुतले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. पहाटे उजाडायच्या आत दिवा बंद करा आणि चादर झुडपात झटका. नाहीतर कोतवाल आणि दयाळ पडद्यावरच न्याहारी मांडतात.

सामान जपणं हा इथला रोजचा खर्च आहे. लेन्स उघड्यावर ठेवली तर एका पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती काचेचा लेप खाते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात 100 ग्रॅम सिलिका जेल घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईतो भाजून घ्या, आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका. तांदूळ घालायचा सल्ला ऐकू नका, त्याची पिठी काचेवर बसते. किनाऱ्याजवळ वापरलेली लेन्स आधी ओलसर मऊ कापडाने टिपा आणि मग पुसा. मिठाचे कण कोरडे घासले तर ओरखडे कायमचे.

चिमट्याची स्प्रिंग सगळ्यात आधी जाते. गंज लागून ती ढिली होते आणि फोन उलटा धरला की लेन्स घसरते. तेलाने भागवू नका, तेल रबराच्या पट्टीवर उतरतं आणि चिमटा आणखीच घसरतो. अशा बहुतेक लेन्सना 17 मिलिमीटरचे आटे असतात आणि त्या आट्यांचा चिमटा सुटा मिळतो. लेन्स मागवतानाच एक जास्तीचा मागवून ठेवा.